बढती घेऊ की संध्याकाळ राखू? नोकरी सांभाळून वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांशी बोलायचंय

चाट_आणि_लव (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी नुसता वाचत असतो. आज लिहितोय, कारण पंधरा दिवसांत ऑफिसला उत्तर द्यायचंय आणि घरात या विषयावर बोलून बोलून आम्ही दोघंही थकलोय.

मी एका सरकारी बँकेत क्लार्क आहे. वय ४१. शाखा फोर्टात, घर डोंबिवलीत. आठव्या वर्षापासून तबला शिकतोय, विशारद झालंय, आणि गेली १७ वर्षं संध्याकाळी साथीला जातो. अभंग, भावगीतं, नाट्यगीतं, कधीतरी ख्यालाची बैठक. महिन्याला सात-आठ कार्यक्रम होतात. गणपती ते दिवाळी दुप्पट. दिवाळी पहाट असेल त्या आठवड्यात तर झोपेचा हिशेबच ठेवत नाही.

यंदा ऑफिसरची परीक्षा पास झालो. स्केल वन, म्हणजे ऑफिसरची पहिली पायरी. पगार वाढेल, मुलगी नववीत आहे, पुढचा खर्च समोर दिसतोय. पण बढतीबरोबर बदली येते, आणि ती मुंबईत राहील याची खात्री कोणी देत नाही. बदली जवळ झाली तरी ऑफिसरला घरी निघायची वेळ नसते, हे रोज डोळ्यांनी बघतो.

आत्ताही ओढाताण काही कमी नाही. तबल्याचा एक जोड घरी आहे, दुसरा दादरला मित्राकडे ठेवलाय, कारण सकाळच्या फास्टमध्ये डग्गा घेऊन चढता येत नाही. संध्याकाळी मी कॅशला असतो. कॅश जुळली की सुटका. मागच्या जुलैत पाचशेची एक नोट कमी भरत होती. ती सापडेपर्यंत पावणेसहा झाले आणि पार्ल्याला साडेसहाचा कार्यक्रम होता. दादरला उतरून जोड घेतला, पोचलो तेव्हा गायिका तानपुऱ्यापाशी बसल्या होत्या. पावसाळी हवेने पुडी (तबल्याचं चामडं) उतरलेली, सुरात मिळवायला वेळ नाही. पहिले दोन अभंग मी बेसूर तबल्यावर वाजवले. त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत, पण त्यानंतर त्यांचा फोनही आला नाही. ती नोट दोन दिवसांनी दुसऱ्या बंडलात निघाली.

पाडव्याचे कार्यक्रम तर आम्हा बँकवाल्यांना शापच आहेत. २०२५ ला पाडवा ३० मार्चला आला. सकाळी पहाट कार्यक्रम, आणि डोक्यात दुसऱ्या दिवशीचं वर्षअखेरचं क्लोजिंग.

इथे कोणी गाण्या-वाजवण्यासाठी बढती नाकारली आहे का? दहा-वीस वर्षांनी मागे वळून बघताना काय वाटतं? धीर देण्यासाठी लिहू नका, खरं लिहा.

स्वरपट्टी

मी सरकारी कार्यालयात लिपिक आहे, ठाकुर्लीला राहतो, पेटी वाजवतो. बढतीचं नंतर लिहीन, आधी एक विचारतो: बँकेची लेखी परवानगी घेतली आहे का? नसेल तर उद्याच अर्ज द्या. बँक कर्मचाऱ्यांच्या द्विपक्षीय करारात लेखी परवानगीशिवाय बाहेर व्यवसाय करणं गंभीर गैरवर्तनात मोडतं. आम्हाला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. त्यात अधूनमधून केलेल्या साहित्यिक-कलाविषयक कामाला मोकळीक आहे, पण ऑफिसच्या कामात कसूर होता कामा नये.

मी हे अंगावर झेललंय. एका सहकाऱ्याने कार्यक्रमाच्या फलकाचा फोटो काढून वरिष्ठांकडे तक्रार केली: हा माणूस पैसे घेऊन वाजवतो. माझ्याकडे परवानगीचं पत्र होतं, म्हणून विषय एका दिवसात मिटला. ते पत्र नसतं तर पेटीही गेली असती आणि मनःशांतीही. आणि आजारपणाची रजा टाकून कार्यक्रमाला कधीही जाऊ नका. आजकाल प्रत्येक कार्यक्रमाचं चित्रण त्याच रात्री फेसबुकवर असतं.

काळी_पाच

मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि सुगम गाते. तुमच्या प्रश्नाचा बायकांच्या बाजूने विचार केला तर चित्र जरा वेगळं दिसतं. बढतीपर्यंत आम्ही पोचतच नाही. संध्याकाळ आमची आहे हेच आधी घरात मान्य करून घ्यावं लागतं. कार्यक्रमाच्या दिवशी मी पहाटे दोन्ही वेळचा स्वयंपाक करून निघते. शाळेच्या पिशवीत साडी आणि मॅचिंगचं असतं, ते नाट्यगृहाच्या मेकअप रूममध्ये नेसते.

पण मला लिहायचंय ते आवाजाबद्दल. दिवसाला सहा तास, वर्गात साठ मुलं, वर पंखे. संध्याकाळी मध्यम पट्टीत बोलायलाही घसा तयार नसायचा, आणि मी त्याच घशाने तार सप्तकात जात होते. चार वर्षांपूर्वी वरचा षड्ज लागेना. आधी वाटलं रियाज कमी पडतोय, म्हणून आणखी जोर केला. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं तर स्वरतंतूंवर गाठी. कर्करोगाचं काही नव्हतं, ताणाने येतात तशा. तीन महिने गाणं बंद, आणि उच्चार-आवाजाच्या तज्ज्ञांकडे व्यायाम. ऑपरेशन टळलं.

तेव्हापासून वर्गात कमरेला बांधायचा छोटा स्पीकर आणि तोंडापाशी माइक वापरते. स्वतःच्या पैशाने घेतला. सुरुवातीला मुलं हसली, आठवड्यात सवय झाली. मधल्या सुट्टीत बोलत नाही, पाणी सतत जवळ ठेवते, आणि कार्यक्रमाच्या दिवशी शेवटच्या दोन तासांना लेखी काम देते. पहाटे पाऊण तास खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, हलक्या आवाजात. शिक्षिका, वकील, कॉल सेंटरवाले, ज्यांची नोकरीच घशावर चालते अशा गायकांनी कृपा करून त्रास व्हायच्या आधी हे करा. माझी वरची पट्टी अजून पूर्वीसारखी नाही. आयडी काळी पाच या पट्टीचा आहे, आता गाते त्याखालच्या काळी चारात.

पूर्णवेळ

मी कीबोर्ड वाजवतो आणि दुसरं काही करत नाही. कोणाला दुखावायचं नाही, पण हे इथे लिहिलं गेलंच पाहिजे.

नोकरीवाले कलाकार आयोजकाला म्हणतात, "मानधनाचं बघा तुमच्या सोयीने, मला आवड आहे." तुमची आवड होते आणि माझा दर तिथेच पडतो. पुढच्या वेळी मी आकडा सांगितला की ऐकावं लागतं, "अहो, मागच्या वर्षी ते बँकेतले आले होते, त्यांनी निम्म्यात केलं." मार्च २०२० ला नाट्यगृहं बंद झाली, मध्ये काही महिने उघडली, पुन्हा बंद, आणि दुसऱ्या लाटेनंतर २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. त्या काळात तुमच्या खात्यात दर महिन्याला पगार जमा होत होता. मी एक कीबोर्ड विकला.

बढती घ्या नाहीतर नाकारा, तुमचा प्रश्न. संध्याकाळी वाजवणार असाल तर पूर्ण मानधन घ्या. पैसे नकोत तर घेऊन एखाद्या विद्यार्थ्याची फी भरा. पण आकडा खाली आणू नका.

चाट_आणि_लव

@पूर्णवेळ, हे मी केलेलं आहे. "सोयीने द्या" मी अनेकदा म्हटलंय, आणि त्याची झळ कोणाला बसते हा विचार मनाला शिवला नाही. यापुढे नाही म्हणणार. परवानगीचं पत्र माझ्याकडे आहे, ९ वर्षांपूर्वी घेतलंय. पण ऑफिसर झाल्यावर तेच चालेल की नवीन लागेल, ते विचारावं लागेल.

जर्सीकर

इकडची बाजू थोडक्यात. मी न्यू जर्सीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, बासरी वाजवतो. एच-वन व्हिसावर असताना, ज्या कंपनीने व्हिसा दिला तिच्याखेरीज कुठेही पैसे घेऊन काम करता येत नाही. त्यामुळे गणपती-दिवाळीला कितीही कार्यक्रम केले तरी पाकीट नाकारावं लागायचं. ग्रीन कार्ड मिळेपर्यंतची सगळी वर्षं अशीच गेली. इथे आठवड्यात कार्यक्रम नसतातच, सगळं शनिवार-रविवारी. वेळ मिळतो, तळघरात वाजवलं तर शेजाऱ्यांचा त्रास नाही. कमतरता आहे ती ऐकून टोकणाऱ्याची. गुरुजींना व्हिडिओवर ऐकवतो, पण फुंकरीतला दोष फोनवर पोचत नाही.

पेटी_मास्तर_सिंधुदुर्ग

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आणि दशावतारी नाटकात पेटी. तुमची संध्याकाळ असते, आमची सबंध रात्र. तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू होतात आणि गावोगावची बोलावणी येतात. "मास्तरांनू, पेटी घेवन येवा" म्हटल्यावर नाही म्हणवत नाही, कारण ती नुसती सुपारी नसते, देवाच्या दारातली सेवा असते.

पालखी झाली की नाटकाला तोंड लागतं, आणि उजाडेपर्यंत चालतं. दशावताराला लिहिलेलं नाटक नसतं. कथानक आधी ठरतं, संवाद तिथेच उभे राहून बोलले जातात. राजा कधी पद उचलेल, राक्षस कधी उसळेल, हे पेटीवाल्याने त्याच्या तोंडाकडे बघत ओळखायचं. रात्रभर डोळा हलवून चालत नाही. म्हणून दमणूक हाताची कमी आणि डोक्याची जास्त.

नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत मी पहाटे नाटक संपवून आंघोळ करून थेट शाळेत जायचो. शनिवारी सकाळची शाळा, मग तर मधे तासही मिळायचा नाही. एका शनिवारी मोटरसायकलवर डोळा लागला. गाडी रस्ता सोडून चिरेबंदी गडग्याला घासत गेली. पायावर निभावलं. मागे बसलेल्या पखवाजवाल्याचा हात मोडला आणि त्याचा तो सगळा हंगाम गेला. त्याच्या घरी तांदूळ घेऊन गेलो तेव्हा त्याच्या आईने मला चहा दिला, एक शब्द लावून बोलली नाही. ते मला अजून सोसत नाही.

त्या दिवसापासून शाळेच्या आदल्या रात्री जत्रा घेत नाही. घेतलीच तर दुसऱ्या दिवशीची किरकोळ रजा आधीच मंजूर करून घेतो, आणि परतताना गाडी दुसरा चालवतो. माझ्या गावची जत्रा तेवढी कुठल्याही वारी येवो, वाजवतो. बढतीचं म्हणाल तर केंद्रप्रमुख व्हायची संधी होती, अर्जच केला नाही. त्याचं दुःख नाही.

हिशेबनीस

कराचं दोन ओळींत. मानधन घेत असाल तर ते नियमित व्यवसायाचं उत्पन्न धरलं जातं. मग पगारदारांचा सोपा आयटीआर-१ चालत नाही. प्रवास, पुडी बदलणं, वाद्याची दुरुस्ती यांच्या पावत्या ठेवा. बाकी तुमच्या सीएला विचारा.

पार्लेकर५७

इतकं निराश होऊ नका. डॉ. वसंतराव देशपांड्यांनी लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं नोकरी केली. 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आलं १९६७ च्या डिसेंबरात, तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. तुम्ही तर ४१ चेच आहात.

तेहतीस_वर्षं

मी टपाल खात्यातून निवृत्त झालो. तबलाच वाजवतो. धागाकर्त्याने खरं लिहा म्हटलंय, म्हणून लिहितो. थोडं लांबेल.

बढती मी दोनदा नाकारली, याच कारणासाठी. आमच्याकडे नाकारली की वर्षभर पुन्हा विचार होत नाही, आणि ठरावीक वर्षांनी मिळणारी वेतनवाढीची पायरीही त्यामुळे अडकली. निवृत्तिवेतनात तो फरक दर महिन्याला दिसतो. त्याची मला खंत नाही. माझ्या बायकोला थोडी होती, आणि तिला ती असण्याचा पूर्ण हक्क होता.

आमच्या वेळी एक सोय होती. बैठका रात्री साडेनऊला सुरू व्हायच्या. ऑफिस सुटल्यावर घरी जेवून, तबला मिळवून निवांत पोचता यायचं. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ ला सुरू झाला तो रात्र-रात्र चालणारा. आम्ही पुण्याला जाऊन पहाटेचे राग पहाटे ऐकलेत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, २००५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, आणि उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद झाले. आजारी माणसांसाठी, लहान मुलांसाठी ते बरोबरच आहे. पण त्यामुळे कार्यक्रम संध्याकाळी सहावर आले, आणि सहा ही नोकरदाराची सगळ्यात वाईट वेळ. तुमची जी धावाधाव होते ती आम्हाला करावी लागली नाही, हे मान्य करतो.

आता खंत कशाची ते सांगतो. ६१ व्या वर्षी गुरुजींच्या पुण्यतिथीला मला एकल वादनाला बसवलं. पाऊण तास, तीनताल. पेशकार, म्हणजे सुरुवातीचा संथ भाग, मी बारा मिनिटांत संपवला. कायदा (ठरलेल्या बोलांची रचना) घेतला, चार पलटे (त्याच बोलांचे फेरफार) झाले आणि पाचवा सुचेना. समोर लेहरा (ताल दाखवणारी, पुन्हा पुन्हा वाजणारी धून) चालू आहे, गुरुबंधू बसलेत, आणि माझा हात आपसूक लग्गीकडे, म्हणजे हलक्या गाण्याच्या साथीतल्या बोलांकडे वळतोय. तीस वर्षं संध्याकाळी हाताने केरवा, दादरा, भजनी, रूपक एवढंच केलं होतं. कार्यक्रम इतके होते की मला वाटायचं, रोज वाजवतोय म्हणजे रियाज होतोच आहे. होत नव्हता. गुरुजींनी दिलेले गती, फर्द, चक्रदार असे एकल वादनाचे तुकडे वहीत लिहिलेले होते, हातात नव्हते. वही वाचून ते परत बसत नाहीत.

साथीत आपण दुसऱ्याचं गाणं सांभाळतो. मोठं काम आहे, मी ते प्रेमाने केलं. पण त्यात विद्या खर्च होते, भर पडत नाही. भर पडते ती एकट्याने बसल्यावर. नोकरीने माझी संध्याकाळ घेतली नाही. माझी सकाळ मीच दिली, कारण आदल्या रात्री एकला घरी आल्यावर पाचला उठवत नव्हतं.

@पार्लेकर५७, वसंतरावांचं उदाहरण सगळे देतात. ४७ व्या वर्षाआधी त्यांच्याकडे काय साठलं होतं तेही बघा: नागपुरात शंकरराव सप्रे, लाहोरात असद अली खाँ, पुण्यात सुरेशबाबू माने. मुळात शिदोरी होती.

धागाकर्त्या, तुला अरे-तुरे करतो, मुलाच्या वयाचा आहेस. बढतीचं तुझं तू ठरव. मला एवढंच सांग, गेल्या महिन्यात एकट्याने किती वेळ बसलास?

काळी_पाच

काका, हे वाचून बराच वेळ काही टाइप करता आलं नाही.

पूर्णवेळ

पूर्णवेळ वाजवणाऱ्यांचंही हेच होतं, फक्त लवकर होतं. लग्नसराईत महिना-महिना मी एक नवीन कॉर्ड शोधत नाही.

चाट_आणि_लव

काका, डायरी काढून बघितली. गेल्या महिन्यात नऊ कार्यक्रम. एकट्याने बसलो ते दोनदा. एकदा चाळीस मिनिटं, एकदा नवीन पुडी बसवून आणली तेव्हा, म्हणजे ते खरं तर ऐकून बघणंच होतं. दुसरा-चौथा शनिवार २०१५ पासून सुट्टी आहे. गेल्या १० वर्षांतले ते सगळे शनिवार मी कार्यक्रमांना दिले. एकही स्वतःसाठी ठेवला नाही.

दोन दिवसांनी लिहितो.

चाट_आणि_लव

उशीर झाला, माफ करा. सगळं ठरलं, म्हणून लिहितोय.

बढती नाकारली. सोमवारी पत्र दिलं. मॅनेजर साहेबांनी दोनदा विचारलं, मग सही केली. बायकोशी तीन रात्री बोललो. पैशाचा कागद मांडला, मुलीच्या बारावीनंतरचा खर्च धरून. ओढाताण होणार हे दोघांनाही दिसतंय. तिने दोन गोष्टी मागितल्या. बुधवार आणि रविवारची संध्याकाळ घरी. आणि मानधनाचा सगळा पैसा मुलीच्या नावाने वेगळ्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही. दोन्ही मान्य. रविवारची दोन ठरलेली भजनं सोडली. तिथे गुरुजींकडचा एक तरुण मुलगा जाईल, आणि मी घ्यायचो त्याच्यापेक्षा जास्त दराने, ते मी आयोजकांशी बोलून पक्कं केलंय.

गुरुजींकडेही गेलो. ते आता ७८ चे आहेत. मी बढतीचं सांगायला लागलो तर त्यांनी मधेच थांबवून तिस्र जातीचा कायदा ऐकव म्हणाले. ऐकवला. तिसऱ्या पलट्यात 'धिरधिर' या बोलाला चुकलो. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून ठाय (संथ) लयीत घ्यायला लावला, सव्वा तास. बढतीचा विषय निघालाच नाही. येताना जिन्यात उजवा पंजा थरथरत होता. असा तो शेवटचा कधी थरथरला होता, आठवत नाही.

आता सोसायटीत सकाळी सहाला वाजवायची सोय नाही, वरच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे. गल्लीतल्या मारुतीच्या देवळामागे एक खोली आहे, ती गुरुवार आणि शनिवारी सहा ते सव्वासात मिळाली. ८:०५ च्या आधी स्टेशनला पोचता येतं. फोनवरच्या लेहऱ्यावर बसतो, पण तो यंत्रासारखा सरळ चालतो, मी लय सोडली तरी त्याला कळत नाही. डोंबिवली पूर्वेला लेहरा धरायला कोणी पेटीवाला येऊ शकेल का? तीनताल, विलंबित, चंद्रकंस किंवा किरवाणी, कुठलाही चालेल. मानधन देईन, आणि "सोयीने" म्हणणार नाही.

स्वरपट्टी

गुरुवारी मी येतो, ठाकुर्लीहून चालत पंधरा मिनिटं. मानधन नको. त्याबदल्यात शेवटची वीस मिनिटं मला विलंबित एकताल धरा, माझा आलापीचा रियाज गेली सहा वर्षं बंद आहे. पेटी तिथे आहे की आणू?

चाट_आणि_लव

देवळात एक आहे, पण मंद्र सप्तकातला गंधार वाजत नाही. आणलीत तर बरं.